‘फरक आढळला नाही’
संशोधन ऐकताना : लेखांक 6

वैद्यकीय संशोधनाच्या बातम्यांत सगळ्यांत जास्त घोळ घालणारं वाक्य कोणतं, तर ‘दोन्ही गटांत फरक आढळला नाही’. वाचताना ते निकालासारखं वाटतं, पण असतं अर्धंच. भाजीवाल्याच्या काट्यावर दोन अंगठ्या एकापाठोपाठ एक ठेवल्या आणि काटा हलला नाही, म्हणून दोन्हींचं वजन सारखं, असं कोणी म्हणणार नाही. सोनाराकडे जाऊ या, असंच म्हणेल. संशोधनातही आधी काटा कुठला वापरला ते विचारावं लागतं. छापील बातमीला हा प्रश्न विचारता येत नाही. मूळ शोधनिबंधात उत्तर असतं, पण ते तक्त्यांच्या तळाशी, सामान्य वाचकाची नजर जात नाही अशा जागी. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न विचारायची उत्तम जागा म्हणजे संशोधकाची सलग, घाई न करता घेतलेली ध्वनिमुलाखत. तिथे विचारणारा थांबवू शकतो, उलट विचारू शकतो, आणि संशोधकाला ‘नाही’ आणि ‘आढळला नाही’ यांतलं अंतर स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं.

याचा सर्वांत बोलका दाखला जर्मनीतला आहे. 26 फेब्रुवारी 2020 रोजी उत्तर जर्मनीच्या ‘एनडीआर’ या सार्वजनिक नभोवाणीने एक पॉडकास्ट सुरू केलं. बोलणारे होते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातले विषाणुतज्ज्ञ ख्रिस्तिआन ड्रॉस्टेन. 2003 मध्ये सार्सचा विषाणू ओळखणाऱ्यांपैकी ते एक, आणि नव्या कोरोना विषाणूची पीसीआर चाचणी जानेवारी 2020 मध्ये सर्वांत आधी तयार करणाऱ्यांपैकी एका गटाचे प्रमुख. प्रश्न विचारायला विज्ञान पत्रकार कोरिना हेनिग. सुरुवातीला सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग यायचा. त्यात ताजे शोधनिबंध समोर ठेवून ते कसे वाचायचे हेच बोललं जाई : रुग्ण कुठले, किती, नमुना कधी घेतला, लेखकांनी कुठे उडी मारली. प्रत्येक भागाचा शब्दशः मजकूर संकेतस्थळावर ठेवला जाई. मार्च 2020 मध्ये शाळा बंद करण्याबद्दलचं ड्रॉस्टेन यांचं मत बदललं. 1918 च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरांनी निर्बंध कधी लावले आणि त्याचा काय परिणाम झाला, याचा अभ्यास वाचून ते बदललं होतं. श्रोत्यांना नवं मत कारणासकट ऐकायला मिळालं. लाखो लोक हे ऐकत होते. त्या वर्षीचा ग्रिमे ऑनलाइन पुरस्कार या पॉडकास्टला मिळाला. मला मात्र पुरस्कारापेक्षा पुढच्या वादात जास्त शिकण्यासारखं दिसतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

29 एप्रिल 2020 रोजी ड्रॉस्टेन यांच्या गटाने एक अभ्यास, अजून कोणत्याही नियतकालिकात छापून आलेला नसताना, लोकांसमोर ठेवला. प्रश्न साधा होता. संसर्ग झालेल्या लहान मुलांच्या घशात-नाकात विषाणू मोठ्यांपेक्षा कमी असतो का? कमी असेल तर मुलं कमी पसरवतात असं धरून शाळा उघडता येतील. प्रयोगशाळेत त्या वेळपर्यंत 3,712 जणांचे नमुने बाधित आले होते. त्यांची वयोगटांत विभागणी केली, प्रत्येक गटाची दुसऱ्या प्रत्येक गटाशी तुलना केली, आणि लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून लेखकांनी म्हटलं की मुलंही मोठ्यांइतकीच संसर्गक्षम असू शकतात, तेव्हा शाळा आणि बालवाड्या सरसकट उघडण्याबाबत सावध राहा. आता आकडे जवळून पाहा. 3,712 पैकी 45 च्या वरचे 2,071 जण होते. सहा वर्षांपर्यंतची मुलं 37. आणि सात ते अकरा या, म्हणजे ज्यांच्या शाळांचा प्रश्न होता त्या वयाची मुलं, अवघी 16. त्यातच एकेका बाधित माणसातल्या विषाणूचं प्रमाण हजारपटींनी, कधी लाखोपटींनी वेगळं असतं. इतक्या चढउतारात 16 जणांची सरासरी कितपत स्थिर राहणार? चार मुलं इकडची तिकडे झाली तरी ती हलेल. शिवाय गट जितके जास्त, तितकी प्रत्येक तुलना दुबळी, कारण अनेक तुलना करताना योगायोगाला फसू नये म्हणून प्रत्येकीची कसोटी कडक करावी लागते. थोडक्यात, अंगठ्या भाजीच्या काट्यावर ठेवल्या होत्या.

हे संख्याशास्त्रज्ञांनी लगेच ओळखलं. केंब्रिजचे डेव्हिड स्पीगलहॉल्टर आणि ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे केविन मॅककॉन्वे यांनी तेच आकडे पुन्हा तपासून दाखवलं की वय तुकड्यांत न तोडता सलग घेतलं, तर वयाबरोबर विषाणूचं प्रमाण वाढत जाताना दिसतं. जर्मनीतल्या अभ्यासकांनीही पद्धतीवर बोट ठेवलं. विज्ञानात हे रोजचंच काम आहे. पण मे महिन्याच्या शेवटी ‘बिल्ट’ या खपाच्या दैनिकाने त्या टीकेतली वाक्यं उचलून ड्रॉस्टेन यांच्यावर मोहीम उघडली, उत्तराला एका तासाची मुदत देऊन. ज्यांची वाक्यं वापरली होती त्यांच्यापैकी काहींनी ताबडतोब जाहीर केलं की या मोहिमेशी आमचा संबंध नाही. दुसऱ्या दिवशीच्या पॉडकास्टमध्ये ड्रॉस्टेन यांना यावर बोलावं लागलं. वापरलेली संख्याशास्त्रीय पद्धत ओबडधोबड होती हे त्यांनी मान्य केलं. मूळ निष्कर्ष त्याने हलत नाही, हेही कारणं देऊन सांगितलं : मुलांत विषाणू थोडा कमी असला तरी संसर्ग पसरवायला पुरेल इतका असतो, आणि त्यांच्या लेखी प्रश्न तेवढाच होता. जूनच्या सुरुवातीला सुधारित मसुदा आला. त्यात गटागटांची जुनी तुलना बाजूला ठेवली होती, आणि निष्कर्षही आवरता घेतला होता : मुलं मोठ्यांइतकी संसर्गक्षम नसतात असं म्हणायला या आकडेवारीत आधार नाही. ‘मुलंही तितकीच’ आणि ‘मुलं तितकी नाहीत याला आधार नाही’ ही दोन विधानं एकच वाटत असतील, तर या लेखाचा पहिला परिच्छेद पुन्हा वाचावा. त्यांच्यामधलं अंतर म्हणजेच 16 मुलं.

सोनाराचा काटा आला तो वर्षभराने. मे 2021 मध्ये याच गटाचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, 25,381 बाधितांवरचा. त्यात फरक दिसला. मुलांमधलं प्रमाण मोठ्यांपेक्षा कमी होतं, सर्वांत लहानांत साधारण एक तृतीयांशाच्या आसपास. आणि त्यातलाही काही वाटा मुलांसाठी वापरायच्या छोट्या स्वॅबचा असू शकतो, असं लेखकांनी नोंदवलं. माणसामाणसांतल्या लाखोपटींच्या चढउतारापुढे तिप्पट फरक किरकोळ आहे. म्हणजे टीकाकारांचं खरं होतं, फरक होता. आणि ड्रॉस्टेन यांचंही मुख्य म्हणणं टिकलं, कारण तो फरक शाळांच्या निर्णयाचं पारडं फिरवण्याइतका मोठा नव्हता. वर्तमानपत्री भांडणात या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. अर्धा तास बोलण्यात त्या असू शकतात.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. आवाज भुरळ घालतो. रोज कानात बोलणारा माणूस घरचा वाटू लागतो, आणि घरच्या माणसाचं आपण तपासत नाही. कागदावरच्या आकड्यांवर पुन्हा बोट ठेवता येतं, कानावरून गेलेला आकडा निसटतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच कोणतीही मुलाखत चालेल असं मी म्हणत नाही. एनडीआरने शब्दशः मजकूर दिला, आणि सप्टेंबर 2020 पासून एका आड एक भागात फ्रँकफुर्टच्या विषाणुतज्ज्ञ सँड्रा सीसेक यांना बसवलं, हे मला त्या पॉडकास्टच्या लोकप्रियतेहून मोलाचं वाटतं. दुसरा आवाज आला की पहिल्याचा देव होत नाही.

तज्ज्ञाच्या नावालाच निकाल मानलं तर काय होतं, आणि त्यावर ध्वनिमाध्यमच उतारा कसं ठरू शकतं, हे ऑस्ट्रेलियात दिसलं. विल्यम मॅकब्राइड हे सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ. थॅलिडोमाइड घेतलेल्या गरोदर स्त्रियांच्या बाळांत व्यंगं दिसताहेत असं ‘लॅन्सेट’ला 1961 मध्ये पत्र लिहून कळवणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक, आणि देशाच्या लेखी नायक. 1982 मध्ये त्यांनी स्कोपोलामाइन या द्रव्याचा गर्भावर परिणाम होतो, असं सशांवरच्या प्रयोगांतून दाखवणारा निबंध छापला. त्यावर सहलेखक म्हणून नाव असलेले तरुण संशोधक फिल वार्डी यांना तो छापून आल्यावर दिसलं की आपण नोंदवलेले आकडे बदलले आहेत. डिसेंबर 1987 मध्ये डॉक्टर असलेले पत्रकार नॉर्मन स्वान यांनी ऑस्ट्रेलियन नभोवाणीच्या ‘सायन्स शो’मध्ये हे प्रकरण उघड केलं : प्रयोगवहीत ससे किती, निबंधात किती, मात्रा वहीत किती, छापून किती. माजी सरन्यायाधीश हॅरी गिब्ज यांच्या समितीने 1988 मध्ये फसवणूक झाल्याचा निर्वाळा दिला, आणि 1993 मध्ये मॅकब्राइड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. ज्याचा शब्द एकदा लाखमोलाचा ठरला, त्याचाही दुसरा शब्द वहीशी ताडूनच पाहावा लागला, आणि तो ताडला गेला नभोवाणीवर.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : हे अंतर अभ्यासकांपुरतं आहे, साथीच्या धबडग्यात सामान्य माणसाला ‘चालतं की नाही’ एवढंच हवं असतं. त्याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ या कोविडवरच्या औषधांच्या चाचणीत रेमडेसिविर होतं आणि भारतही होता. भारतातल्या केंद्रांचं समन्वयन पुण्यात, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतून झालं. ऑक्टोबर 2020 मध्ये हंगामी निकाल आला. रेमडेसिविर दिलेल्या 2,743 रुग्णांपैकी 301 दगावले. न दिलेल्या 2,708 पैकी 303. दोन्हीकडे शंभरांत साधारण 11. नोव्हेंबरमध्ये संघटनेने दाखल रुग्णांसाठी हे औषध वापरू नये अशी शिफारस केली. आणि एप्रिल 2021 मध्ये त्याच पुण्यात, मुंबईत, औरंगाबादेत, नागपुरात औषधांच्या दुकानांबाहेर त्या कुपीसाठी माणसं रात्रभर उभी होती. दागिने मोडून काळ्या बाजारात पैसे मोजले गेले. त्या माणसांना मी दोष देत नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून हातात दिलेलं होतं, आणि आत माणूस धापा टाकत होता.

डॉक्टरांची बाजूही पोकळ नव्हती. अमेरिकेच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या 1,062 रुग्णांच्या चाचणीत रेमडेसिविरने बरं होण्याचा काळ 15 दिवसांवरून 10 दिवसांवर आला होता. आणि ‘सॉलिडॅरिटी’चं ‘फरक आढळला नाही’ हेही अर्धंच वाक्य होतं. निबंधात त्याचा दुसरा अर्धा भाग दिला होता : खरा परिणाम मृत्यू 19 टक्क्यांनी कमी होण्यापासून 11 टक्क्यांनी वाढण्यापर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे हा काटा बर्लिनच्या 16 मुलांहून कितीतरी बारीक होता. जीव वाचवणारा मोठा चमत्कार असता तर या काट्याने तो पकडला असता, त्याची शक्यता इथेच संपली. छोट्या फायद्याची संपली नाही. आणि छोटा फायदा खरोखरच निघाला. मे 2022 मधल्या अंतिम निकालात रुग्णसंख्या 8,275 झाली होती. व्हेंटिलेटरवर असलेल्यांना काही लाभ दिसला नाही. ऑक्सिजनवर पण व्हेंटिलेटरविना असलेल्यांत मृत्यू 16.3 टक्क्यांवरून 14.6 टक्क्यांवर आले होते, म्हणजे घट शंभरांत दोनाहूनही कमी.

हे सगळं सांगायला मराठीत किती वेळ लागतो? वरचे दोन परिच्छेद मोठ्याने वाचले तर तीन-चार मिनिटं. आपल्याकडच्या आरोग्यविषयक मुलाखतींत डॉक्टर बहुधा सल्ला द्यायला येतात : काय खावं, काय टाळावं, लक्षणं कोणती. तो सल्ला उपयोगीच आहे. पण ‘हे कशावरून?’ असं विचारलं की मुलाखत घेणाऱ्याला आपण उर्मट वाटू की काय अशी धास्ती असते, आणि ज्येष्ठांचा मान राखायची आपली चांगली सवय इथे आड येते. मान राखूनही विचारता येतं. सर, किती रुग्ण होते? त्यातले आमच्यासारखे किती? फरक नाही म्हणता, तर केवढा फरक असता म्हणजे तुम्हाला दिसला असता? यातला शेवटचा प्रश्न एप्रिल 2021 च्या एखाद्या सकाळी भोसरीहून बोलणाऱ्या कोणाला विचारला असता, तर रांगेतल्या माणसाच्या कानावर 301 आणि 303 हे दोन आकडे पडले असते. रांग सोडायची की नाही हे त्याने ठरवलं असतं. कदाचित सोडली नसती, पण रात्र आणि दागिने कशासाठी खर्ची पडताहेत हे त्याला माहीत असतं.