आजारातून उठलेली पानं
बियाण्यामागचं विज्ञान : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की डीएनएमधल्या जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात निघते आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिन बनवते. ही नक्कल वाटेतच नष्ट झाली तर काय होईल? जनुक जागच्या जागी शाबूत राहील, पण त्याचं काम बंद पडेल. शास्त्रज्ञ याला जीन सायलेन्सिंग म्हणतात. जनुक गप्प होणं, असं आपण म्हणू. हा शोध वनस्पतींमध्ये कसा लागला आणि आपल्या शेतीला त्याचं काय, हे आज पाहू.

अलिबाग तालुक्यातल्या रेवसला धरमतर खाडीच्या तोंडाशी खारबंदिस्तीतली भातशेती आहे आणि जरा वरच्या अंगाला विहिरीच्या पाण्यावरच्या वाड्या. वाडीत भेंडी लावणाऱ्याला तिच्यावरच्या पिवळ्या रोगाची ओळख करून द्यावी लागत नाही. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान. फळ फिकट आणि निबर होतं. पांढरी माशी हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. एकदा लागण झाली की झाडाला औषध नाही, ते उपटावंच लागतं. या रोगाची पहिली नोंद आपल्याकडचीच आहे. कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या अशा रोगांवर लिहिलं होतं.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९२८ मध्ये, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विंगार्ड यांनी अगदी उलट गोष्ट नोंदवली. तंबाखूच्या रोपांना त्यांनी एका विषाणूची लागण केली. खालच्या पानांवर रोगाची वर्तुळं उमटली, पण पुढे फुटलेली वरची पानं निरोगी निघाली. त्या पानांना तोच विषाणू पुन्हा टोचला तरी रोग होईना. माणसासारखं प्रतिपिंडं बनवणारं रक्त झाडाकडे नाही. मग झाड आजारातून उठलं कशाच्या बळावर? या प्रश्नाला उत्तर मिळायला जवळपास सत्तर वर्षं लागली.

पेटुनियाची पांढरी फुलं

उत्तराचा पहिला धागा फुलांच्या रंगात सापडला. कॅलिफोर्नियात कॅरोलिन नॅपोली आणि रिचर्ड जॉर्गेनसेन यांनी जांभळ्या पेटुनियात रंग तयार करणाऱ्या जनुकाची जादा प्रत घातली. रंग गडद होईल ही अपेक्षा होती. पण जादा प्रत मिळालेल्या ४२ टक्के झाडांना पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुलं आली. बाहेरचं जनुक तर गप्प झालंच होतं, झाडाचं मूळचं जनुकही त्याच्याबरोबर गप्प झालं होतं. १९९० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी हॉलंडमधल्या एका गटालाही हेच दिसलं. प्रयोग फसला म्हणून ही झाडं कोणी फेकून दिली नाहीत, हे फार मोलाचं.

इंग्लंडमध्ये डेव्हिड बोलकोम तेव्हा वनस्पतींच्या विषाणूंवर काम करत होते. १९५२ चा जन्म, एडिनबरा विद्यापीठाची पीएचडी, १९८८ पासून नॉरिचच्या सेन्सबरी प्रयोगशाळेत. विषाणूचं एखादं जनुक झाडात घातलं तर झाड त्या विषाणूला दाद देत नाही, एवढं माहीत होतं. त्या जनुकाचं प्रथिन झाडाचं रक्षण करत असावं, असा समज होता. बोलकोम यांच्या गटाला मात्र असं आढळलं की ज्या झाडांत ते जनुक गप्प झालंय, तीच सर्वांत सुरक्षित आहेत. म्हणजे संरक्षण करत होतं ते गप्प होणंच. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने विंगार्डच्या तंबाखूसारखीच आजारातून उठलेली रोपं तपासली आणि तिथेही हीच यंत्रणा चालू असल्याचं दाखवलं.

मग १९९९ मध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि बोलकोम यांना अशा झाडांत आरएनएचे अगदी छोटे तुकडे सापडले, सुमारे पंचवीस अक्षरांचे (आरएनएच्या साखळीतला एकेक घटक म्हणजे एक अक्षर). यंत्रणा अशी : विषाणू पेशीत वाढू लागला की दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो. झाडाची विकरं त्याचे तुकडे करतात. मग फरारी आरोपीचं छायाचित्र चौकीचौकीवर पोचावं, तसे हे तुकडे कामाला येतात. त्यांच्याशी अक्षर न् अक्षर जुळणारा आरएनए दिसला की पेशी तो कापून टाकते. हा संदेश रसवाहिन्यांतून पुढच्या पानांपर्यंतही जातो, म्हणून विषाणू वर पोचण्याआधीच तिथली पानं सज्ज असतात.

प्राण्यांमध्ये दुहेरी आरएनएचा हा परिणाम अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये सूक्ष्म कृमीवर दाखवला आणि २००६ चं नोबेल मिळवलं. बोलकोम यांना २००८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. वनस्पतीशास्त्रज्ञांनी या शोधाचा पाया घातला, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग आपली भेंडी का उठत नाही?

कारण विषाणूही तयारीनिशी येतो. अनेक विषाणू झाडाची ही यंत्रणाच मोडून काढणारं प्रथिन बाळगतात. भेंडीच्या पिवळ्या रोगात मुख्य विषाणूबरोबर डीएनएचा एक छोटा उपग्रह असतो. मदुराई कामराज विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की या उपग्रहाचं प्रथिन झाडाचं संरक्षण लुळं पाडतं.

याच झटापटीची खूण सोयाबीनच्या दाण्यावर दिसते. रानटी सोयाबीनचं बी काळपट असतं. लातूरपासून विदर्भापर्यंत आपण जे पिवळं सोयाबीन पेरतो, त्याच्या सालीत रंगाचं जनुक असतं, पण झाडाच्या स्वतःच्या छोट्या आरएनएंनी ते गप्प केलेलं असतं. मोझॅक विषाणूची लागण झाली की विषाणू ही यंत्रणा अडवतो, जनुक पुन्हा बोलू लागतं आणि दाण्यावर गडद डाग उमटतात.

पपईची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तिच्यावरच्या मोझॅक रोगाची नोंद कपूर आणि वर्मा यांनी १९४८ मध्ये मुंबई प्रांतातून केली होती. हवाईत हाच वर्तुळाकार ठिपक्यांचा विषाणू १९९२ मध्ये पुना भागातल्या बागांत शिरला. डेनिस गोन्साल्विस यांच्या गटाने त्या विषाणूचं एक जनुक पपईत घातलं आणि १९९८ मध्ये त्या पपईचं बी शेतकऱ्यांना मिळालं. हवाईतला पपईचा धंदा त्यामुळे वाचला. पण ती पपई हवाईतल्या विषाणूला दाद देत नाही, इतर देशांतल्या त्याच्याच भाऊबंदांपुढे मात्र टिकत नाही. कारण स्पष्ट आहे. ही यंत्रणा अक्षरं जुळवून काम करते, आणि तिकडच्या विषाणूची अक्षरं पुरेशी जुळत नाहीत.

पुण्यातला बटाटा

हे संशोधन आपल्याकडे होऊ शकतं का? होतं आहे. बटाट्याच्या झाडाला दिवसाची लांबी पानात कळते, बटाटा पोसतो मात्र जमिनीखाली. पानातून खाली निरोप कोण नेतं? अंजन बॅनर्जी यांनी अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात डेव्हिड हॅनापेल यांच्याबरोबर २००६ मध्ये दाखवलं की एक आरएनए रेणूच पानातून निघून कलमाचा जोड ओलांडतो आणि भूमिगत खोडाच्या टोकाशी पोचतो. पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. स्नेहा भोगले आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिथून मायक्रोआरएनए १५६ वरचं काम प्रसिद्ध केलं. जेमतेम वीस-एकवीस अक्षरांचा हा रेणू झाडाची काही जनुकं गप्प करतो. तो रसवाहिन्यांत सापडला आणि कलमाच्या जोडापलीकडे जात असल्याची चिन्हं दिसली. झाडात तो वाढवला तर जमिनीखालचं उत्पन्न घटलं, आणि लहान दिवसांत पानांच्या बेचक्यात, हवेतच, बटाटे धरले. मंचर-खेड भागात जे पीक घराघरात आहे, त्याचं मूळ गुपित त्याच जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत उलगडतं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. खत किंवा पंप परदेशातून आणून चालतो, पण आरएनएवर आधारलेलं संरक्षण तसं आणता येत नाही. ते त्या-त्या मातीतल्या विषाणूच्या अक्षरांवर बेतावं लागतं. म्हणून अलिबाग तालुक्यातल्या भेंडीवरचा आणि खानदेशातल्या पपईवरचा विषाणू इथेच वाचला जायला हवा, दर काही वर्षांनी पुन्हा वाचला जायला हवा, कारण तो बदलत राहतो. त्यासाठी कृषी विद्यापीठांना प्रयोगशाळा आणि माणसं द्यायला हवीत. शेतकऱ्यानेही पिवळं झाड उपटण्याआधी एकदा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवावं. आणि रोगाने वेढलेल्या वाफ्यात एखादं झाड वरून हिरवं फुटताना दिसलं, तर ते जरूर दाखवावं. विंगार्ड यांना दिसलं होतं ते असंच झाड.

*पुढील लेखांकात : झाडात नवं जनुक न घालता, दुहेरी आरएनए पानांवर फवारून हेच संरक्षण देता येईल का?*