वेळापत्रक कोणाच्या हाती?

धाराशिव तालुक्यातील बेंबळी हे गाव रेल्वेमार्गावर नाही. तेथील माणसाला मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर येथे आगगाडीने जावयाचे असल्यास प्रथम एस. टी. वा जीप धरून वीसेक किलोमीटरांवरचे धाराशिव गाठावे लागते आणि तेथून पुढे रेल्वे स्थानक. त्याचा प्रवास सुरू होतो तो गाडीच्या वेळेला नव्हे, बसच्या वेळेला. या दोन वेळा जुळल्या तर ठीक. न जुळल्या तर फलाटावर रात्र काढणे आले. म्हणून गाडी कोणत्या वारी आहे, ती किती वाजता येते, चुकल्यास दुसरी कोणती आणि परतताना शेवटच्या बसच्या आत आणून सोडणारी कोणती, एवढे त्याला घर सोडण्यापूर्वीच कळावयास हवे. ज्याच्या दाराशी स्थानक आहे त्याचे वेळापत्रकावाचून एकवेळ भागते; ज्याच्या गावाला स्थानकच नाही त्याचे भागत नाही. आणि नेमके त्याच्याच हाती ते पडेनासे झाले आहे.

छापील वेळापत्रक ही स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानातील एकेकाळची नित्याची वस्तू होती. मासिके आणि रहस्यकथा यांच्या शेजारी ती पुस्तिका मांडलेली असे व प्रवासाला निघणारे कुटुंब ती अल्प किमतीत विकत घेई. आता पुस्तकांची दुकानेच विरळ झाली असून जी उरली आहेत त्यांत पाण्याच्या बाटल्या व बिस्किटे यांनी बरीच जागा घेतली आहे. रेल्वे मंडळाचे ‘ट्रेन्स ॲट अ ग्लान्स’ हे अखिल भारतीय वेळापत्रक अलीकडे संकेतस्थळावर ई-पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध होते. १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आलेले वेळापत्रकही तेथे ठेवण्यात आले. लहान स्थानकावर पुस्तक मागणाऱ्याला बहुधा एकच सल्ला मिळतो : मोबाइलवर पाहा.

विचारलेले आणि न विचारलेले

मोबाइलच्या सोयीला नावे ठेवण्याचे कारण नाही. गाडी आत्ता कोठवर आली, तिला किती उशीर झाला, जागा मिळण्याची शक्यता किती, हे कोणतेही पुस्तक सांगू शकणार नाही. १३९ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. तथापि, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळणे आणि सारा मार्ग एकदम डोळ्यांसमोर येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यंत्राला कोठून, कोठे आणि कोणत्या तारखेस हे आधी सांगावे लागते. ज्याला हे तिन्ही ठाऊक आहे त्याची अडचण अर्धी सुटलेलीच असते. ज्याला ते ठरवावयाचे आहे त्याला कोष्टक हवे असते.

एक उदाहरण पुरे. मुंबई–लातूर ही गाडी २०१७ साली बिदरपर्यंत नेण्यात आली तेव्हा लातूरकरांनी आंदोलन केले होते. त्यानंतर आठवड्यातील काही दिवस ती लातूरपर्यंत आणि काही दिवस बिदरपर्यंत, अशी व्यवस्था झाली. धाराशिवच्या प्रवाशाला एकाच वेळेच्या गाडीचे असे दोन क्रमांक आणि दोन शेवटची स्थानके वारानुसार लक्षात ठेवावी लागतात. छापील कोष्टकात ही गोष्ट दोन ओळींत स्पष्ट होते. मोबाइलवर ती एकेक तारीख घालून शोधावी लागते. तसेच ज्या दूरच्या शहराला धाराशिवहून थेट गाडी नाही तेथे जाण्यासाठी कुर्डुवाडीला उतरून सोलापूरच्या मुख्य मार्गावरील गाडी पकडता येते, हे कोष्टकावर बोट फिरविणाऱ्याला आपोआप दिसते. नावांचाही घोटाळा आहेच. शहराचे नाव २०२३ साली बदलले, स्थानकाचे २०२५ साली. जुन्या नावाने शोधणाऱ्या वृद्धाला नवे नाव आणि त्याचा इंग्रजी संकेत ठाऊक असेलच असे नाही. छापील सूचीत दोन्ही नावे शेजारी देता येतात.

बेंबळी परिसराला स्थानकाचे दूरत्व नवे नाही. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ साली ती लातूरला पोहोचली. हा मार्ग येडशी, ढोकी यांच्यावरून गेला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले उस्मानाबाद मात्र बाजूलाच राहिले. १९५४ साली शासनाने ही रेल्वे विकत घेतली, तरी त्यानंतरही अर्धशतक जिल्ह्याच्या शहराला स्थानक नव्हते. २००७-०८ च्या सुमारास रुंद मार्ग झाला तेव्हा तो शहराजवळून नेण्यात आला. आता सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या मार्गाचे काम चालू आहे. रूळ असे एकेक पाऊल जवळ येत असताना त्यांवरून धावणाऱ्या गाड्यांची माहिती दूर जावी, हा विपर्यास होय.

कायदा काय म्हणतो?

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या ४९ व्या कलमानुसार प्रत्येक स्थानकावर, लोकांना सहज दिसेल अशा ठिकाणी, तेथे थांबणाऱ्या प्रवासी गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळांचा तक्ता लावणे रेल्वे प्रशासनावर बंधनकारक आहे. तो हिंदी व इंग्रजीबरोबरच त्या भागात वापरल्या जाणाऱ्या प्रादेशिक भाषेतही असावयास हवा. इतकेच नव्हे, तर जेथे तिकिटे दिली जातात अशा प्रत्येक स्थानकावर चालू वेळापत्रकाची एक प्रत स्थानकप्रमुखाच्या कार्यालयात असली पाहिजे. १८९० च्या कायद्यातही वेळापत्रक लोकांपुढे मांडण्याची तरतूद होती. परकीय राजवटीलाही जे टाळता आले नाही ते स्वतंत्र देशाच्या रेल्वेने सैल सोडावे, हे शोभणारे नाही.

दुसरा आधार २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचा. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक संस्थांवर आपणहून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य टाकले आहे आणि ती देताना खर्च, स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करावा, असेही सांगितले आहे. प्रसाराच्या साधनांत त्या कायद्याने इंटरनेट धरले आहे, तसेच सूचनाफलक आणि वृत्तपत्रेही धरली आहेत. म्हणजे संकेतस्थळावर माहिती टाकली की कर्तव्य संपले, असा अर्थ या कायद्यातून निघत नाही. बेंबळीसारख्या गावी सर्वांत परिणामकारक साधन कोणते, हे ठरविताना ग्रामपंचायतीची भिंत विसरून चालणार नाही.

वाचलेला खर्च कोणाचा?

छपाई बंद केल्याने खर्च वाचतो, असे सांगितले जाते. तो रेल्वेचा वाचतो, हे खरे. परंतु समाजाचा वाचतो काय? जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावरील आपल्या निबंधात दाखवून दिले की, माहिती फुकट नसते; ती शोधण्यास वेळ व पैसा लागतो आणि तो खर्च माणसाच्या निवडीवर परिणाम करतो. वेळापत्रक न छापल्याने हा शोधखर्च नाहीसा होत नाही. तो रेल्वेच्या हिशेबातून निघून हजारो प्रवाशांच्या माथी विखुरला जातो आणि विखुरल्यामुळे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. समजा, एखाद्या स्थानकावर रोज तीस प्रवासी केवळ वेळ नीट ठाऊक नसल्यामुळे दोन दोन तास आधी येऊन बसले. तर रोज साठ तास वाया गेले. त्यांत कोणाची मजुरी बुडते, कोणाची तारखेची वेळ टळते, एखाद्या उमेदवाराची परीक्षाच हुकते. शिवाय ज्याला शोधता येत नाही तो दुसऱ्याला पैसे देऊन शोधवून घेतो. तिकिटाबरोबर माहितीचीही दलाली सुरू होते ती अशी.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. शहरातील सुशिक्षित तरुणाला तो जवळजवळ जाणवत नाही. खेड्यातील वृद्ध, निरक्षर स्त्री, स्थलांतर करणारा मजूर यांना तो सर्वाधिक जाणवतो. शिवाय अखिल भारतीय पुस्तकाचा भर मेल व एक्सप्रेस गाड्यांवर असतो. लहान स्थानकांवर थांबणाऱ्या सवारी गाड्यांसाठी त्या त्या रेल्वेचे स्वतंत्र वेळापत्रक पाहावे लागते. गरीब माणसाची गाडी बहुधा हीच असल्यामुळे तिची माहिती मिळविण्याचे कष्टही त्यालाच अधिक पडतात.

याहून महत्त्वाची बाब उत्तरदायित्वाची आहे. छापील वेळापत्रक हे रेल्वेने जनतेला दिलेले लेखी वचन असते. त्यावर अंमलाची तारीख असते आणि मागील वर्षाची प्रत पुढच्या वर्षाच्या प्रतीशेजारी ठेवता येते. कोणता थांबा गेला, कोणत्या गाडीचा वेग कागदावर वाढला पण प्रत्यक्षात वाढला नाही, कोणत्या बदलाने बसची जोड तुटली, हे गावातील शिक्षक किंवा सरपंच दोन प्रती ताडून सांगू शकतो आणि तसे निवेदन सोलापूरच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवू शकतो. पडद्यावरचा आकडा बदलला की जुना आकडा सामान्य माणसाच्या दृष्टीने नाहीसा होतो. ज्याच्या हाती पुरावा नाही त्याची मागणी गाऱ्हाणे ठरते.

वेळा बदलतात म्हणून?

वेळा वारंवार बदलतात, पुस्तक लगेच जुने होते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे प्रवासी गाड्या थांबल्या आणि पुढे त्या विशेष गाड्या म्हणून शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकांनी धावल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये नेहमीचे क्रमांक परत आणण्याचा निर्णय होईपर्यंत कोणतेही जुने पुस्तक उपयोगाचे नव्हते. परंतु हा काळ अपवादाचा होता. एरवी बहुतेक गाड्यांच्या वेळा वर्षभर फारशा हलत नाहीत. पंचांग दरवर्षी जुने होते म्हणून कोणी पंचांग छापणे सोडले नाही. इंग्लंडमधील थॉमस कुक कंपनीने १८७३ पासून चालविलेले युरोपीय वेळापत्रक २०१३ साली बंद केले, तेव्हा ते तयार करणाऱ्यांपैकी काहींनी पुढच्याच वर्षी ते पुन्हा काढले. जपानमध्ये तर १९२५ साली सुरू झालेले मासिक वेळापत्रक आजही निघते. खिशात यंत्र असलेल्या देशांतही कागदाला गिऱ्हाईक आहे, याचा अर्थ दोन्ही साधनांची कामे वेगळी आहेत, एवढाच.

अर्थात, पूर्वीचा जाडजूड ग्रंथ प्रत्येक खेड्यात पोहोचवावा असा आग्रह कोणी धरणार नाही. त्याची आवश्यकताही नाही. कुर्डुवाडी ते लातूर रोड एवढ्या टापूसाठी मराठीतील एकच कागद पुरेसा आहे. त्याच्या एका बाजूस या मार्गावरील सर्व गाड्यांच्या वेळा, त्यांचे वार आणि कुर्डुवाडी व लातूर रोड येथील पुढच्या जोडगाड्या असाव्यात; दुसऱ्या बाजूस धाराशिव, बार्शी व लातूर येथून खेड्यांकडे सुटणाऱ्या बसगाड्या. रेल्वे आणि एस. टी. या दोन सार्वजनिक संस्थांनी तो मिळून काढावा, चार-दोन रुपयांना विकावा, हवे तर जाहिरातींतून खर्च भागवावा. त्याची एकेक प्रत बसस्थानक, ग्रामपंचायत, शाळा आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक वाचनालये यांना मिळावी. वेळ बदलल्यास चिटकविण्याजोगी दुरुस्तीची पट्टी पाठवावी. आणि तोपर्यंत, ४९ व्या कलमातील तक्ता प्रत्येक स्थानकावर खरोखरीच लागलेला आहे काय, तो चालू आहे काय आणि मराठीत आहे काय, एवढी तपासणी तरी विभागीय अधिकाऱ्यांनी करावी. त्यास नव्या निधीची गरज नाही.

रेल्वेमार्गासाठी या जिल्ह्याने दीर्घकाळ वाट पाहिली. डोंगर फोडून रूळ टाकण्यास जे शासन कोट्यवधी रुपये खर्च करते, त्याला त्या रुळांवरून गाडी केव्हा जाणार हे एका कागदावर छापून बेंबळीच्या बसथांब्यावर लावणे जड जाऊ नये.