पाणी नितळ दिसलं म्हणजे टाकी तयार झाली का?

रत्नागिरीच्या झाडगावात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. 1958 साली सुरू झालेलं हे केंद्र आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. असं मत्स्यालय पाहिलं की घरीही मोठी टाकी असावी, तिच्यात लायनफिश, हेकरू किंवा निदान गोड्या पाण्यातला अरोवाना असावा, असं अनेकांना वाटतं. हौस चांगली आहे. पण असे शिकारी मासे नव्या टाकीत दगावतात ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, आणि मासे सोडण्याच्या घाईमागे काही पक्के गैरसमज असतात.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे ‘पाणी दोन दिवस फिरवलं, नितळ झालं, आता मासे सोडायला हरकत नाही.’ माशाचा जीव घेणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. खाल्लेल्या प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. शिकारी माशाचा आहार म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिनं, तीही एका बैठकीत भरपूर. त्यामुळे जेवणानंतर काही तासांत पाण्यातला अमोनिया एकदम चढतो. तो पचवणारे जीवाणू फिल्टरमधल्या स्पंजावर, दगडांवर, वाळूवर वस्ती करतात. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, गोड्या पाण्यात ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. हे जीवाणू फार सावकाश वाढतात. वस्ती बसायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. दुसऱ्याच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर काळ कमी होतो. बाटलीबंद जीवाणूंनी मदत होऊ शकते, पण बाटली ओतली म्हणून चाचणी टाळता येत नाही.

चाचणी सोपी आहे. मासा नसलेल्या टाकीत लिटरला 2 मिलिग्रॅम होईल इतका अमोनिया घालायचा. चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले, तेही सलग काही दिवस, तर वस्ती बसली असं समजावं. अमोनियाऐवजी सोललेल्या कोळंबीचा तुकडा कुजवूनही हे काम होतं, फक्त मोजमाप नेमकं राहत नाही.

‘आधी चार स्वस्तातले मासे सोडून बघू, जगले तर मोठा आणू’ हा सल्ला मात्र ऐकू नये. त्या माशांचा छळ होतो, त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टाकीत येतो, आणि चार गप्पींवर पोसलेली वस्ती मोठ्या शिकाऱ्याच्या पहिल्याच जेवणाला अपुरी पडते.

कोकणात आणखी एक गोष्ट हमखास ऐकू येते: ‘आमच्या विहिरीचं पाणी शुद्ध, त्याला काय होतंय!’ जांभ्यातलं पाणी पिण्याला गोड लागतं, कारण त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. टाकीत हाच गुण आड येतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना जीवाणू पाण्यातली सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी आम्ल शोषण्याची ताकद संपवतात. ती संपली की सामू घसरतो. साडेसहाच्या खाली जीवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. या आम्लधर्मी पाण्यात साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग कोणी एका दिवशी अर्धी टाकी वेगळ्या, जास्त सामूच्या पाण्याने भरतो आणि तोच अमोनिया विष होऊन बसतो. 28 अंश तापमानात सामू 7 वरून 8.2 वर गेला, तर विषारी अमोनियाचं प्रमाण दहापटीहून अधिक होतं. यावर उपाय घरचाच आहे: स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवावा आणि सामूबरोबर पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे हीच आम्ल शोषण्याची ताकदही तपासावी.

समुद्री टाकी करणाऱ्यांना वाटतं, मांडवीचा किनारा जवळच आहे, पाणी फुकट. वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी काजळी नदीचं पाणी पावसाळ्यात समुद्राचा खारटपणा पार उतरवतं, वर गाळ असतो तो वेगळाच. बंदराजवळच्या पाण्यात डिझेलचा तवंग असतो. पाणी आणायचंच तर कोरड्या महिन्यांत, खाडी आणि बंदरापासून दूर, भरतीचं आणावं, गाळून ठेवावं, आणि खारटपणा लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास आहे का हे मोजावं. टाकीतलं पाणी आटलं की खारं पाणी ओतणं हीही चूकच: वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. ती तूट गोड्या पाण्यानेच भरावी.

टाकी जागेवर बसवण्याआधी वजनाचा हिशेब करा. 6 बाय 2 बाय 2 फुटांच्या टाकीत सुमारे 680 लिटर पाणी मावतं. काच, दगड, स्टँड धरून भार टनाच्या घरात जातो. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवू नये. फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. आणि पावसाळ्यात वीज जाणारच, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप आधीच घेऊन ठेवा. 28 अंशांवर समुद्राच्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. मोठा मासा तो बघता बघता संपवतो.

‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हेही खोटं आहे. अरोवाना अडीच-तीन फुटांचा होतो, हेकरूच्या काही जाती मीटरभराहून मोठ्या होतात. अरुंद टाकीत वाढ खुंटते ती मासा आजारी पडल्यामुळे. आणि नको झालेला मासा नदीत किंवा समुद्रात सोडणं हा दुसऱ्या जिवांवरचा अन्याय आहे. आपल्याकडच्या हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ आढळला, बहुधा मत्स्यटाक्यांतून सुटलेला. आज तो कॅरिबियनमधल्या स्थानिक माशांचा फडशा पाडतो आहे. समुद्रातून प्रवाळ उचलून आणणं तर कायद्यानेच गुन्हा आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत.

टाकी घेण्याआधी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या जाणकारांना विचारा, पाणी तपासून घ्या, आणि दोन महिने रिकाम्या टाकीकडे पाहण्याची तयारी नसेल तर शिकारी मासा आणू नका.