खालच्या पायरीवरची मैदाने

इंग्लंडमधील एखाद्या आडगावच्या फुटबॉल मैदानावर शनिवारी दुपारी दोन-तीनशे स्थानिक प्रेक्षकांच्या घोळक्यात एखादा परका गृहस्थ हटकून दिसतो. खेळणाऱ्या दोहोंपैकी कोणत्याही संघाशी त्याचे सोयरसुतक नसते. सामन्याच्या बऱ्याच आधी येऊन तो मैदानाला पूर्ण प्रदक्षिणा घालतो. सज्जाचे छप्पर तोलून धरणारे लोखंडी खांब, रंग उडालेले कठडे आणि चहाच्या खोपटावर लावलेले दरपत्रक यांची तो कचेरीतल्या पाहणी कारकुनाच्या चिकाटीने तपासणी करतो. सामन्याची छापील पत्रिका चुरगळणार नाही अशा बेताने कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो. आणि खेळ संपल्यावर दिनांक, निकाल व प्रेक्षकसंख्या नोंदवहीत टिपून पुढच्या गाडीची वाट धरतो. अशा माणसाला तिकडे ग्राउंडहॉपर म्हणतात. त्याच्या छंदाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ज्या वस्तूंची नोंद ठेवण्यास कोणतेही सरकारी खाते बांधलेले नाही, त्यांचे दप्तर हा मनुष्य पदरमोड करून राखीत असतो, ही गोष्ट थट्टा करणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

या छंदाचे मूळ इंग्लिश फुटबॉलच्या रचनेतच आहे. १८८८ साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. त्या बीजाचा विस्तार होऊन आज वरच्या चार श्रेणींत ९२ क्लब खेळतात, त्यांच्याखाली पाचवी श्रेणी म्हणून नॅशनल लीग आहे, आणि तिच्याही खाली प्रादेशिक लीगांच्या शाखा-उपशाखा थेट एकेकाळच्या खाणकामगारांच्या वस्त्यांपर्यंत पसरलेल्या आहेत. या उतरंडीतील स्थान कोणालाही कायमचे इनाम दिलेले नसते. ल्यूटन टाउन हा क्लब २००९ साली चौथ्या श्रेणीतून पाचवीत घसरला आणि २०२३ साली प्रीमियर लीग या सर्वांत वरच्या श्रेणीत जाऊन पोहोचला. त्यामुळे रांगेतल्या घरांच्या मधून, वरच्या मजल्यावरील खोल्यांच्या खालून, पाहुण्या प्रेक्षकांना आत घेणारे त्याचे केनिलवर्थ रोड मैदान एका हंगामापुरते जगातील धनाढ्य संघांच्या पायांखाली आले.

ज्यांनी ९२ क्लबांच्या मैदानांवर सामना पाहिला आहे, अशांची ‘नाइंटी-टू क्लब’ नावाची संस्था १९७८ साली निघाली. पूर्वी चौथ्या श्रेणीच्या तळाशी राहिलेल्या क्लबांचे भवितव्य इतर क्लबांच्या मतांवर ठरे, आणि मंडळी एकमेकांना सांभाळून घेत. १९८७ पासून हा निवाडा गुणतक्त्याकडे सोपविण्यात आला, आणि तेव्हापासून खालचा क्लब वर येऊन पूर्ण झालेली यादी पुढच्या हंगामात पुन्हा अपूर्ण होऊ लागली. क्लबाने घर बदलले तरीही तीच गत. लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबाने १८९२ पासूनचे गुडिसन पार्क सोडून २०२५ साली नव्या मैदानात बिऱ्हाड हलविले, तेव्हा यादी पुरी करून निश्चिंत बसलेल्या वृद्धांनाही पुन्हा लिव्हरपूलची वाट धरणे प्राप्त झाले. याहून उत्साही मंडळी ९२ वर थांबतच नाहीत. खालच्या श्रेणींचा मुलूख अफाट आहे, आणि खरी गोडी तेथेच आहे असे त्यांचे मत असते.

आपल्याकडे गडकिल्ले पाहणाऱ्यांची जी जमात आहे, तिच्याशी हिचे नाते लावता येईल. मात्र एक भेद आहे. गड कोणत्याही दिवशी चढला तरी तो पाहिल्याचे पुण्य पदरात पडते, फुटबॉलचे मैदान सामन्यावाचून पाहिले तर ते जमेस धरले जात नाही. यापुढील नियमांविषयी मात्र पंथ-उपपंथ आहेत. कोणी म्हणतात, पहिल्या शिट्टीपासून अखेरच्या शिट्टीपर्यंत हजर असले पाहिजे. कोणी मैत्रीपूर्ण सामना ग्राह्य मानीत नाहीत. आणि काही कर्मठ असे आहेत की, छापील पत्रिका निघाली नसेल तर ते सामन्यास जाणेच टाळतात. हे सोवळे हास्यास्पद वाटेल. पण जी वस्तू घरी आणता येत नाही तिचा संग्रह करावयाचा, तर प्रामाणिकपणाची कसोटी संग्राहकाला स्वतःच घालून घ्यावी लागते.

सामना सुरू करण्याचा शनिवारी दुपारी तीनचा मुहूर्त हाही केवळ रूढीचा भाग नाही. १८५० च्या कारखाना कायद्याने ब्रिटनमधील कापडगिरण्यांतील काम शनिवारी दुपारी दोन वाजता बंद करणे भाग पाडले, आणि हाती आलेल्या त्या मोकळ्या दुपारीतून पुढे हा लोकप्रिय खेळ वाढला. आपल्या मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारची हक्काची सुट्टी मिळण्यास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनंतर १८९० साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे कामगारांच्या विश्रांतीचा आणि लोकांच्या करमणुकीचा संबंध किती निकटचा आहे हे कळते. त्या दुपारीला आजही एक प्रकारचे संरक्षण आहे: शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉलचा सामना दूरचित्रवाणीवर थेट दाखवावयाचा नाही, हा दंडक १९६० च्या दशकापासून चालत आला आहे, कारण घरबसल्या मोठा सामना दिसू लागला तर छोट्या क्लबांच्या दाराशी कोणी फिरकणार नाही, अशी रास्त भीती त्यामागे आहे.

जुनी मैदाने वरच्या श्रेणींतून नाहीशी झाली आणि खालच्या श्रेणींत उरली, याचे कारण दुर्दैवाने अपघातांच्या इतिहासात सापडते. १९०२ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर उभ्या प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्या कोसळून २५ माणसे गेली. त्या बांधकामाचा आराखडा करणारा अभियंता आर्चिबाल्ड लीच यानेच पुढे ब्रिटनभर भक्कम सज्जे बांधले. लंडनच्या क्रेव्हन कॉटेजवरील त्याचा १९०५ चा सज्जा अद्याप वापरात आहे. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या जुन्या लाकडी सज्जाला आग लागून ५६ जण मृत्युमुखी पडले, आणि १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीने अखेरीस ९७ बळी घेतले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालान्वये वरच्या दोन श्रेणींच्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकास आसन देणे सक्तीचे झाले, उभ्या पायऱ्या मोडल्या गेल्या, आणि पुष्कळ क्लबांनी गावातली जागा विकून वेशीबाहेर एकसारखी नवी बांधकामे उभारली. खालच्या क्लबांवर ही सक्ती नव्हती, पैसाही नव्हता. म्हणून त्यांच्याकडे पायऱ्या राहिल्या.

त्या पायऱ्यांबरोबर एक रीतही टिकून आहे. दोन्ही बाजूंच्या समर्थकांना वेगळे कोंडून ठेवण्याचा प्रघात तेथे सहसा नसल्यामुळे मध्यंतर होताच सारा समुदाय उठून, आपला संघ ज्या गोलावर चाल करणार त्याच्या मागे जाऊन उभा राहतो. १९८५ च्या कायद्याने वरच्या पाच श्रेणींत मैदान दिसेल अशा जागी मद्य घेण्यास मनाई आहे. त्याखाली ती नसल्याने बिअरचा पेला हाती घेऊनच हे स्थलांतर पार पडते.

अशा मैदानांत अग्रमान शेफील्डच्या सँडीगेट रोडचा. १८०४ पासून क्रिकेटसाठी वापरात असलेल्या या उतरत्या जमिनीवर २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम आणि शेफील्ड हे क्लब परस्परांशी खेळले. यांतला शेफील्ड क्लब १८५७ चा, म्हणजे जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब. आणि हॅलमची मंडळी आजही त्याच उतारावर खेळतात. दक्षिणेस लुइस गावी ‘ड्रिपिंग पॅन’ नावाचे मैदान आहे, गवताच्या बांधांनी वेढलेले आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा खोल. तेथील क्लब समर्थकांच्याच मालकीचा असून २०१७ साली त्याने पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या संघांसाठी सारखाच खर्च मंजूर केला.

डरहॅम परगण्यातील वेस्ट ऑकलंडची कथा तर अद्भुतात जमा होणारी आहे. चहाचे व्यापारी सर टॉमस लिप्टन यांनी ट्यूरिन येथे ठेवलेला करंडक या गावाच्या संघाने, ज्यात बहुतेक कोळशाच्या खाणीतले कामगार होते, १९०९ साली जिंकला आणि १९११ साली तेथीलच युव्हेंटस क्लबाचा ६–१ असा पराभव करून तो कायमचा मिळविला. मात्र प्रवासाचे देणे भागविण्यासाठी तो गावातील एका हॉटेलवालीकडे ४० पौंडांना गहाण ठेवावा लागला. १९६० च्या सुमारास गावाने तो सोडवून आणला, आणि १९९४ साली तो चोरीस गेल्याने आता तेथे प्रतिकृती आहे. १८८९ साली स्थापन झालेल्या नॉर्दर्न लीगमध्ये हा क्लब आजही खेळतो. हा वृत्तांत ग्रंथातही मिळेल. परंतु जेथे पाच-सहाशे माणसेही मोठी गर्दी ठरते अशा कुंपणाशी उभे राहून तो ऐकला म्हणजे त्याचा आवाका खऱ्या अर्थाने समजतो.

मात्र ही मैदाने गरिबीच्या कृपेने अखंड राहतील, अशा भ्रमात राहू नये. वर चढण्यासाठी प्रकाशझोत, आच्छादित आसने, प्रवेशद्वारे यांच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. १९९४, १९९५ आणि १९९६ या लागोपाठ तीन वर्षी अनुक्रमे किडरमिन्स्टर, मॅकल्सफील्ड आणि स्टीव्हनेज हे पाचव्या श्रेणीचे विजेते केवळ मैदान अटींत न बसल्याने वरच्या श्रेणीत जाऊ शकले नाहीत. उलटपक्षी पडझडीलाही पदाचा मुलाहिजा नाही. १९०० आणि १९०३ साली एफए कप ही देशव्यापी स्पर्धा जिंकलेला बरी हा क्लब आर्थिक दिवाळखोरीमुळे २०१९ साली लीगमधून काढून टाकला गेला, आणि गिग लेन हे त्याचे जुने मैदान चार हंगाम फुटबॉलवाचून पडून राहिले. यशाने मैदान बदलते, अपयशाने ते बंद पडते. म्हणून छांदिष्टाची घाई समजण्यासारखी आहे.

या घाईचा छोट्या क्लबांना रोकडा उपयोगही होतो. काही लीगा सुट्टीच्या दिवसांत सामन्यांच्या वेळा मुद्दाम पुढे-मागे ठेवतात, जेणेकरून बसने फिरणाऱ्या छांदिष्टांना एका दिवसात तीन-चार मैदाने साधता यावीत. ज्या क्लबाच्या गल्ल्यात एरवी शे-दीडशे लोकांचे प्रवेशमूल्य पडते, त्याच्याकडे त्या दिवशी कित्येक पट माणसे येतात, आणि गावच्या स्वयंसेवकांना खाद्यपदार्थ व चहा पुरवून पुरेसे होत नाही. २०१० पासून ‘नॉन-लीग डे’ पाळला जातो, तोही याच हेतूने: देशादेशांच्या सामन्यांमुळे मोठ्या श्रेणी थांबलेल्या शनिवारी लोकांनी घराजवळच्या क्लबाकडे वळावे.

पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये पेठाच्या पेठा लोटताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला मैदान आणि वस्ती यांचे हे नाते समजावून सांगण्याची जरुरी नाही. लंडन-मँचेस्टरला लेकीसुनांकडे गेलेले आपले कित्येक लोक बड्या संघाचे तिकीट मिळाले नाही, किंवा मिळाले ते परवडले नाही, म्हणून हळहळत परततात. त्यांनी शनिवारी दुपारी जवळच्या छोट्या क्लबाचा पत्ता काढावा, त्या तिकिटाच्या अल्पांशाने दारातून आत शिरावे, आणि शेजारी उभ्या असलेल्या वृद्धाला मैदानाविषयी एक प्रश्न विचारावा. उत्तर मध्यंतरापर्यंत पुरेल.