आधी पत्ता विचारा

नवा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला जात नाही म्हणून बोलावलेला मुरलेला तंत्रज्ञ आल्या आल्या लॅपटॉपला हातच लावत नाही. तो खिशातला फोन काढून आधी त्याच वायफायला जोडून पाहतो, मग फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडतो. घरच्यांना हा वेळकाढूपणा वाटतो. ‘राउटर रीसेट करून बघा ना’ असा सल्लाही कुणीतरी देतंच. पण अर्धं काम इथेच उरकलेलं असतं. फोनवर घरचं नेट चाललं, तर राउटर आणि बाहेरून आलेली फायबर ठीक. हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालला, तर त्याचं वायफाय कार्ड आणि ड्रायव्हर ठीक. दोन्ही चाललं, तर खोट बहुधा त्या दोघांच्या जुळण्यात. बिघाड कुठे नाही हे आधी ठरवणं, हेच या कामातलं खरं कसब. आणि नेमकं तेच गिऱ्हाइकाला दिसत नाही.

पुढचा प्रश्न पत्त्याचा. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक आयपी पत्ता देतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८ने सुरू होतो. लॅपटॉपवर त्याऐवजी १६९.२५४ने सुरू होणारा आकडा दिसला, की शोधाचं वर्तुळ एकदम लहान होतं. पत्ता मागूनही उत्तर आलं नाही, तर विंडोज स्वतःच असा पत्ता घेऊन मोकळं होतं. शाळेत प्रवेश न घेता हजेरीपटावर आपणच आपलं नाव लिहावं, तसं. म्हणजे १६९.२५४ दिसलं आणि वायफाय डब्ल्यूपीए-२ प्रकारचं असेल, तर पासवर्ड बरोबर आहे. गाडी अडलीय ती पत्ता मिळण्यापाशी. तिथे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसणं व्यर्थ. उलट पत्ता १९२.१६८चा आहे, ८.८.८.८ला पिंग केलं की उत्तरही येतं, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, तर संशय डीएनएसवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर जातो. लक्षण एकच, ‘नेट चालत नाही’. कारणं मात्र वेगवेगळी.

नव्या लॅपटॉपच्या बाबतीत तर दोन्ही यंत्रं निर्दोष असूनही भांडण असू शकतं. डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धत २०१८मध्ये आली; त्याआधीच्या कित्येक राउटरांवर अजून जुन्या पद्धती चालू असतात आणि आजचे लॅपटॉप त्यांतल्या सर्वांत जुन्यांना जवळ करत नाहीत. दुसरं उदाहरण अमेरिकेतून मुलाने पाठवलेल्या लॅपटॉपचं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत सहसा ११पर्यंतच. राउटरने आपणहून १३वं चॅनेल निवडलं, तर घरातल्या सगळ्या फोनना वायफाय दिसतं आणि त्या लॅपटॉपच्या यादीत त्याचं नावच नसतं. ‘लॅपटॉप सदोष आहे, बदलून द्या’ ही तक्रार अशा वेळी दुकानदारावर अन्याय करते. राउटरमध्ये १, ६ किंवा ११ चॅनेल कायम केलं की काम झालं.

यावर कुणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? बंद करून चालू केलं की बहुतेक वेळा चालतंच. हे खरं आहे, आणि १६९.२५४ दिसल्यावर चांगला तंत्रज्ञही राउटर बंद-चालू करतो. पण तो कारण ठाऊक असताना करतो. शिवाय बंद-चालू करणं आणि मागच्या बारीक छिद्रात पिन खुपसून फॅक्टरी रीसेट करणं यांत मोठा फरक आहे. अनेक फायबर जोडण्यांमध्ये सेवादात्याने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्येच साठवलेले असतात. रीसेटने तेही पुसले जातात. मग एका लॅपटॉपचं नेट गेलं होतं, आता अख्ख्या घराचं जातं आणि मूळ दोषाचा पुरावाही हाती उरत नाही. दुसरा आक्षेप असा, की दोष शोधणारी सोय विंडोजमध्येच आहे. आहे, पण ती लॅपटॉपच्या बाजूने पाहते, राउटरच्या आत डोकावत नाही. आणि वायफायचा ड्रायव्हरच नसेल, तर विंडोज ११ची होम आवृत्ती पहिल्या मांडणीतच इंटरनेट मागत अडून बसते. पातळ लॅपटॉपना केबलचा पोर्टही नसतो. तिथे फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला द्यायचं, हे माणसालाच सुचावं लागतं.

‘दहा मिनिटांचं तर काम, एवढे पैसे कसले?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. पैसे त्या शेवटच्या क्लिकचे नसतात, कुठे क्लिक करायचं नाही हे कळण्याचे असतात. ज्यांना ते द्यायचे नसतील त्यांनी हॉटस्पॉटची चाचणी स्वतः करावी, पत्ता १६९.२५४ आहे की १९२.१६८, ते पाहून कागदावर लिहावं आणि तोवर पिन राउटरपासून लांब ठेवावी.