सुट्टीआधीचे नाटक: शांतिनिकेतनच्या शाळेतील नाट्यशिक्षण

शांतिनिकेतनच्या निवासी शाळेत पहिली अनेक वर्षे नाटकाचा तास नव्हता आणि नाटकाची परीक्षाही होत नसे. तरीही रवींद्रनाथ ठाकुरांच्या उत्तरायुष्यातील बहुतेक महत्त्वाची नाटके या शाळेच्या वेळापत्रकाने, वसतिगृहातल्या मुलांनी आणि तिजोरीतल्या खडखडाटाने घडवली. नाटककाराने शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक असते. शाळेने नाटककाराला कसे वळण लावले, हे त्यामानाने कमी सांगितले जाते.

शाळा सुरू झाली २२ डिसेंबर १९०१ रोजी, म्हणजे बंगाली पंचांगातल्या सात पौषाला. बीरभूम जिल्ह्यातल्या बोलपूरजवळच्या उजाड माळावर रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांनी १८६३ मध्ये जागा घेऊन ठेवली होती. तिथे पाच विद्यार्थ्यांनिशी ‘ब्रह्मचर्याश्रम’ उघडला. त्या पाचांत एक कवीचा थोरला मुलगा रथींद्रनाथ होता. पैसा नव्हता. पत्नी मृणालिनीदेवींचे दागिने विकले गेले, पुरीचे घरही गेले. मुले आश्रमातच राहत आणि दुर्गापूजेच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जात. दिवसा झाडाखालचे वर्ग, मैदानावरचे खेळ आणि बागकाम यांत वेळ जाई. पण कोणत्याही वसतिगृहात खरा प्रश्न असतो तो दिवेलागणीनंतरचा. घरच्या आठवणीने मुले त्याच वेळी कोमेजतात. आश्रमाने हा वेळ गोष्टी, गाणी, साहित्यसभा आणि नाटकाच्या तालमींना देऊन टाकला.

निवासी शाळा आणि नाटक ही जोडी अर्थातच जुनी आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत सोळाव्या शतकापासून मुले लॅटिन नाटके करीत आली. उच्चार शुद्ध व्हावेत, चारचौघांत उभे राहण्याचे धैर्य यावे, हा त्यामागचा हेतू. बर्कशरमधल्या ब्रॅडफील्डच्या शाळेने १८८१ मध्ये ग्रीक नाटक मूळ भाषेत केले आणि १८९० मध्ये चुनखडीच्या खाणीत ग्रीक पद्धतीचे खुले नाट्यगृहच उभारले. भारतातल्या डोंगरावरच्या इंग्रजी शाळांनी हाच वारसा शेक्सपिअर आणि बक्षीस समारंभासह उचलला. नैनितालच्या शेरवूड कॉलेजात जेफ्री केंडाल यांच्या नावाचा अभिनयाचा चषक असे. गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’मधल्या नगराध्यक्षाच्या भूमिकेसाठी तो अमिताभ बच्चन यांनी मिळवला होता. या परंपरेत संहिता आधीच ठरलेली असते आणि मुलांना तिच्या मापाचे व्हावे लागते. शांतिनिकेतनात मुलांच्या मापाची संहिता शिवली गेली.

पहिले माप होते फक्त मुलग्यांच्या शाळेचे. कलकत्त्याच्या जोडासाँको भागातल्या ठाकुरवाड्यात घरच्या स्त्रिया रंगमंचावर येत. १८८१ च्या ‘वाल्मीकि प्रतिभा’त रवींद्रनाथ वाल्मीकी होते, तर त्यांची पुतणी प्रतिभा सरस्वती झाली होती. म्हणजे स्त्रीपात्रे टाळण्याची कवीची सवय नव्हती. पण आश्रमात मुलीच नव्हत्या. तेव्हा १९०८ मध्ये लिहिलेल्या ‘शारदोत्सव’ आणि ‘मुकुट’ या दोन्ही नाटकांत एकही स्त्रीभूमिका नाही. ‘मुकुट’ ही त्रिपुराच्या राजपुत्रांवरची स्वतःचीच जुनी बालकथा त्यांनी नाट्यरूपात आणली. ‘शारदोत्सव’ मात्र खास शाळेसाठी घडवलेले, आणि या लेखाच्या दृष्टीने अधिक मोलाचे.

पूजेची सुट्टी लागण्यापूर्वी करायचे हे नाटक सुट्टीविषयीच आहे. शरदातल्या उन्हात पोरांचा घोळका गात बाहेर पडतो, सोबत म्हातारे ठाकुरदादा. त्यात संन्याशाच्या वेषात हिंडणारा राजा सामील होतो. एकटा उपनंद मात्र खेळत नाही. त्याचे वीणावादक गुरू लक्षेश्वर नावाच्या कंजूष सावकाराचे कर्ज ठेवून वारले आहेत आणि ते फेडण्यासाठी तो पोथ्या नकलून देत बसला आहे. संन्यासी त्याच्या शेजारी बसून नक्कल करू लागतो, मुलेही सरसावतात, आणि काम हाच सुट्टीचा खेळ होऊन बसतो. नाटकाची बांधणी पाहण्यासारखी आहे. मोठ्या, अवघड भूमिका चार-पाचच, त्या शिक्षकांनी किंवा थोरल्या मुलांनी पेलायच्या. बाकी सारा घोळका: त्यात दहा मुले चालतात, तीसही चालतात. ज्याला दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत तो गाण्यात असतो. वसतिगृहातल्या एकाही मुलाला ‘तुझे काम नाही’ असे सांगावे लागू नये, अशी ही सोय आहे.

तालमीची पद्धतही याला धरून होती. नवे नाटक लिहून झाले की रवींद्रनाथ ते सगळ्या आश्रमासमोर स्वतः वाचून दाखवीत. सर्व पात्रांचे आवाज, विराम आणि चाली मुलांच्या कानांत त्या वाचनातूनच जात. तालमी संध्याकाळी उघड्यावर चालत आणि ज्यांना भूमिका नाहीत तेही भोवती बसून ऐकत. त्यामुळे प्रयोगापर्यंत गाणी अवघ्या शाळेला पाठ झालेली असत आणि ऐनवेळी एखादा आजारी पडला तरी दुसरा उभा राही. संहिताही तालमीत बदले, कुठे गाणे वाढे, कुठे संवाद गळे. लेखकच दिग्दर्शक असल्याने हे शक्य होते. इतर शाळांना ही चैन परवडणारी नाही.

गाण्यांची बाजू सांभाळली ती दिनेंद्रनाथ ठाकुरांनी. ते रवींद्रनाथांच्या सर्वांत थोरल्या भावाचे नातू. कवी चाल बांधत आणि विसरत. दिनेंद्रनाथ ती लगेच उचलून मुलांच्या गळ्यात उतरवत आणि स्वरलिपीत नोंदवत. ‘फाल्गुनी’च्या इंग्रजी आवृत्तीची अर्पणपत्रिका शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या या उत्सवप्रमुखाला मिळून आहे. शास्त्रीय गायनाचे शिक्षण देणाऱ्यांत मराठी पंडित भीमराव शास्त्री होते. रवींद्रनाथांची गाणी त्यांनी ‘संगीत गीतांजली’ या पुस्तकात देवनागरी स्वरलिपीत आणली.

शिक्षकांनी मुलांबरोबर रंगमंचावर उतरणे, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण. क्षितिमोहन सेन, अजितकुमार चक्रवर्ती यांच्यासारखे विद्वान भूमिका करत. गणित आणि विज्ञान शिकवणारे जगदानंद राय ‘शारदोत्सवा’त लक्षेश्वर होत. ज्या मास्तरांसमोर सकाळी पाढे चुकण्याची धास्ती, त्यांनाच संध्याकाळी हक्काने भंडावून सोडायचे! शिस्तीच्या कोणत्याही नियमावलीत न बसणारी ही मोकळीक आश्रमाला नाटकाने मिळवून दिली.

याच मोकळिकीचे टोक म्हणजे १९११ मध्ये लिहिलेले ‘अचलायतन’. ही एका शाळेचीच गोष्ट आहे, पण तिथे भिंती उंच, मंत्रांची घोकंपट्टी अखंड, आणि उत्तरेची खिडकी शेकडो वर्षे बंद. सुभद्र नावाचा लहानगा ती उघडून बाहेर पाहतो आणि त्याच्या प्रायश्चित्तावरून आचार्यांची धावपळ उडते. गाणारा, नियम न जुमानणारा पंचक त्याच्या बाजूने उभा राहतो. अखेर ज्या गुरूची सारे वाट पाहत असतात तो येतो तोच भिंती पाडत. सनातनी टीकाकारांना हा धर्मावरचा हल्ला वाटला. पण शाळेच्या प्रमुखाने शाळा या संस्थेचीच अशी उलटतपासणी लिहावी आणि ती आपल्याच शिक्षकांकडून, विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी, याला दुसरे उदाहरण शोधायला बरेच फिरावे लागेल. पुढे १९१८ मध्ये प्रयोगाला सोपे जावे म्हणून याच नाटकाचे ‘गुरु’ हे आटोपशीर रूप त्यांनी केले.

नेपथ्याचा विचार शाळेच्या गरिबीशी जुळला, पण तो तिच्यातून जन्मलेला नव्हता. १९०२ मध्येच ‘रंगमंच’ या निबंधात रवींद्रनाथांनी रंगवलेल्या पडद्यांना विरोध केला होता. प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीवर विश्वास नसला की मगच कापडावर झाडे काढावी लागतात, असा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यासाठी ते प्राचीन संस्कृत रंगभूमीचा व बंगालच्या जात्रेचा दाखला देत. ते दशक महाराष्ट्रात किर्लोस्कर नाटक मंडळीचे. बालगंधर्व १९०५ मध्ये तिच्यात आले. राजवाडा, अरण्य, रस्ता असे रंगीत पडदे आणि शालू-दागिन्यांतले स्त्रीपार्टी नट यांवाचून नाटक असते, हे पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला पटले नसते. (कंपनीच्या बिऱ्हाडी राहून तालमी करणारी पोरे हेही एका अर्थी निवासी शिक्षणच होते, फक्त त्यात शाळा नव्हती.) शांतिनिकेतनात पडद्याऐवजी निळे कापड, डहाळ्या, फुले, कमळे, रांगोळीसारखी अल्पना एवढ्यावर भागत असे. १९१९ मध्ये कलाभवन हा चित्रकलेचा विभाग सुरू झाल्यावर नंदलाल बोस आणि सुरेंद्रनाथ कर यांनी या साधेपणाला शैलीचे रूप दिले.

शाळेतले नाटक शहरात गेले ते मदतनिधीच्या निमित्ताने. वसंतावरचे ‘फाल्गुनी’ १९१५ मध्ये आश्रमात झाले होते. बांकुड्याच्या दुष्काळासाठी जानेवारी १९१६ मध्ये जोडासाँकोला त्याचे प्रयोग लागले, तेव्हा कवीने एक प्रास्ताविक प्रवेश जोडला. चित्रित पडदा नको, प्रेक्षकाच्या मनाचा पट पुरे, अशा अर्थाचे बोल त्यात कविशेखराच्या तोंडी आहेत. ती भूमिका आणि आंधळ्या बाउलाची भूमिका दोन्ही रवींद्रनाथांनी केल्या.

‘डाकघर’चा प्रवास याहून विलक्षण. १९११ मध्ये काही दिवसांत लिहिलेल्या या नाटकात आजारी अमल खिडकीशी बसून आहे. दहीवाला, पहारेकरी, गावचा मुखिया, फुले वेचणारी सुधा एकेक करून येतात आणि जातात. तो राजाच्या पत्राची वाट पाहतो. शाळेच्या दृष्टीने ही रचना सोन्यासारखी आहे. एक मुलगा जागेवर स्थिर, बाकीच्यांचे छोटे छोटे प्रवेश, आणि प्रत्येक प्रवेशाची तालीम सुटी घेता येते. नाटकाचा पहिला प्रयोग मात्र इंग्रजीत आणि डब्लिनमध्ये झाला. १७ मे १९१३ रोजी ॲबी थिएटरने तो केला तो आयरिश कवी पॅट्रिक पिअर्सच्या सेंट एंडाज या शाळेच्या मदतीसाठी. आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवणारी ही निवासी शाळा पिअर्सने १९०८ मध्ये काढली होती आणि नाटक हा तिचाही कणा होता. त्याच रात्री तिच्या मुलांनी पिअर्सचे ‘अन री’ हे आयरिश नाटक सादर केले. दोन पारतंत्र्यातल्या देशांतल्या, कवींनी काढलेल्या, कायम पैशाच्या ओढगस्तीतल्या दोन शाळा अशा एका रंगमंचावर आल्या. तीन वर्षांनी, ब्रिटिशांविरुद्धच्या ईस्टरच्या उठावानंतर पिअर्सला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचा भाऊ विली आणि सहकारी शिक्षक टॉमस मॅकडोना यांनाही.

बंगालीत ‘डाकघर’ १९१७ मध्ये जोडासाँकोच्या ‘विचित्रा’ दालनात रंगले. अमल झाला होता आश्रमातला आशामुकुल दास. रवींद्रनाथांचे चित्रकार पुतणे गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ अनुक्रमे माधव आणि मुखिया होते. झोपडीच्या सजावटीत अवनींद्रनाथांनी पक्षी नसलेला एक रिकामा दांडा टांगला. पाखरू उडून गेल्याची खूण तेवढ्यात झाली. त्या वर्षअखेरीस काँग्रेस अधिवेशनासाठी कलकत्त्यात आलेल्या पाहुण्यांसाठी पुन्हा प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांत गांधीजी, लोकमान्य टिळक, मालवीय आणि ॲनी बेझंट होते. आणखी पाव शतकाने, १८ जुलै १९४२ रोजी, वॉर्सॉच्या घेट्टोमध्ये यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयातल्या मुलांनी हेच नाटक केले. ऑगस्टच्या सुरुवातीला कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुले ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेली गेली.

मुलींच्या प्रवेशाने शाळेच्या रंगमंचाचे माप पुन्हा बदलले. १९२६ च्या ‘नटीर पूजा’त आधीच्या उलट सगळ्या स्त्रीभूमिकाच आहेत. नंदलालांची मुलगी गौरी श्रीमती ही नटी झाली आणि तिच्या नृत्यावर नाटकाचा कळस चढला. भल्या घरच्या मुलीने लोकांसमोर नाचणे त्या काळी सहज खपणारे नव्हते. म्हणून कलकत्त्याच्या प्रयोगासाठी रवींद्रनाथांनी भिक्षू उपालीची भूमिका नव्याने लिहिली आणि स्वतः मंचावर उभे राहिले. सत्तरीकडे झुकलेल्या कवीची उपस्थिती हीच ढाल होती. नृत्याची तयारी आधीपासून चालू होती. १९१९ मध्ये सिल्हेटला मणिपुरी नृत्य पाहिल्यावर त्यांनी त्रिपुराहून बुद्धिमंत सिंह यांना बोलावले आणि मृदंगाच्या ठेक्यावर आधी मुलग्यांना पदन्यास शिकवले गेले, तेही व्यायाम म्हणून! पुढे नवकुमार सिंह आले. रवींद्रनाथांच्या सून प्रतिमादेवी यांनी हालचालींची मांडणी केली. त्यातून ‘चित्रांगदा’ (१९३६), ‘चंडालिका’ (१९३८) आणि ‘श्यामा’ (१९३९) या नृत्यनाट्यांची वाट निघाली.

तोवर शाळा विश्वभारती या विश्वविद्यालयात सामावली होती आणि खर्चही विश्वविद्यालयाचा झाला होता. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचे रवींद्रनाथ १९३६ मध्ये ‘चित्रांगदा’ घेऊन उत्तर भारतात निधी गोळा करत फिरत होते. दिल्लीत गांधीजींनी साठ हजार रुपयांची सोय करून हा दौरा थांबवायला लावला. पैशासाठी प्रयोग करणे मुलांच्या शिक्षणाला कितपत मानवते, हा प्रश्न यात दडलेला आहेच. दौऱ्याच्या मंडळीत निवडक, तयार कलाकारच जातात. घोळक्यातल्या दोन वाक्यांच्या मुलाला तिथे जागा नसते. ‘शारदोत्सवा’ची उदार रचना आणि नृत्यनाट्यांची कसलेली सफाई यांत शिक्षणाच्या बाजूने पारडे पहिल्याकडेच झुकते.

पु. ल. देशपांडे १९७० मध्ये बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. ‘वंगचित्रे’मुळे मराठी वाचकाला हा परिसर ओळखीचा झाला. १९२५ पासून पाठभवन या नावाने चालणाऱ्या शाळेत सुट्टीआधीच्या नाटकांची प्रथा आजही आहे. पूजेच्या सुट्टीपूर्वी पाठभवन आणि इतर विभाग नाट्यघरात संध्याकाळी आपापली नाटके करतात. मग महालयाच्या दिवशी मुलांनीच मांडलेला ‘आनंदबाजार’ भरतो, तो उठला की वसतिगृहे रिकामी होऊ लागतात.