करवीर कुल : औषध आणि विष

अंगणातील सदाफुली, मंदिराच्या आवारातील कण्हेर, रानातील कुडा आणि सातवीण, औषधी बाजारातील सर्पगंधा ही सारी एकाच कुलाची अपत्ये आहेत. वनस्पतिशास्त्रात त्याला अपोसायनेसी, तर मराठीत करवीर कुल म्हणतात. देठ मोडताच स्रवणारा चीक ही यातील बहुतेकांची खूण होय. अल्कलॉइडे आणि हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे ही या कुलाची खरी संपत्ती.

सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५०च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांवर तपासला. साखर उतरली नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. या निरीक्षणातूनच व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. पुढे याच वनस्पतीतून मिळालेले व्हिन्क्रिस्टिन बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाते. ही द्रव्ये पेशींचे विभाजन रोखतात. म्हणूनच ती रोग्याला तारतात आणि अविचाराने घेतल्यास निरोग्यालाही अपाय करतात. साखरेसाठी रोज सदाफुलीची पाने चावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कोणत्या पानात किती द्रव्य आहे, याचे माप घरात नसते.

सर्पगंधेचे मूळ आयुर्वेदात प्राचीन काळापासून परिचित आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचे अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे करण्यात आले. त्याने रक्तदाब उतरतो. परंतु मात्रा वाढल्यास मन खिन्न होते.

कुड्याची साल अतिसारावर वापरतात. कुटजारिष्ट तिच्यापासूनच होते. याच कुलातील कण्हेर आणि बिट्टी मात्र हृदयाची गती बिघडवून प्राण घेऊ शकतात. लहान मुले असलेल्या घरी याविषयी विशेष सावध असावे.

औषधी मालाच्या व्यापाऱ्यावर येथे दुहेरी दायित्व येते. सर्पगंधेच्या मुळांत तिच्याच प्रजातीतील दुसऱ्या वनस्पतीची मुळे मिसळली जातात. पोत्यातील माल पारखून घेणे हा केवळ सचोटीचा नव्हे, तर रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे. शिवाय मूळ खणले की झाडच संपते. अतिरेकी तोडीमुळे सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आहे. वनस्पतिकायातही जीव मानणाऱ्या आणि वनकर्म व विषवाणिज्य यांना कर्मादानांत गणणाऱ्या श्रावकाने रानातून उपटलेल्या मालापेक्षा लागवडीचा, परीक्षित माल घ्यावा. घरातील रोग्यासाठी मात्र आधी वैद्याचा अथवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, मगच औषध.